शिखराचं साल

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीचा जिना अर्ध्यावरच कुणीतरी कापून नेल्यासारखा दिसत होता. वारा नावाला नाही. आदल्या दिवशी धुतलेले कपडे बाल्कनीच्या दोरीवर होते तसे ओले; उलट चार थेंब जास्तीचेच पिऊन बसले होते. ताईने एकेक कपडा ओढून घरात आणला, दारांवर, खुर्च्यांच्या पाठींवर, मिळेल तिथे पसरला आणि सगळ्यात शेवटी भावाची निळी जाड पँट इस्त्रीखाली घेतली. वाफ निघाली आणि वाफेबरोबर रिफायनरीचा तो वास. कितीदा धुतली तरी जात नाही तो. कापडात नाही, धाग्यातच भरून राहिलाय.

"अगं, जाळशील," भाऊ स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. एका हातात कप, दुसऱ्या हाताने दाढीचा फेस पुसत होता. "आणि एवढी कडक कशाला? मला सोडून एकटीच चालत जाईल ती."

"जाऊ दे. तुझ्यापेक्षा वेळेवर तरी पोचेल."

"चार वाजता गेटवर बोलावलंय. समितीचं उरकलं की पत्र हातात देणार म्हणे."

"उरकलं की," आई खिडकीशी गुडघ्यांना मलम चोळत बसली होती, तिथूनच तिने शब्द उचलला. "आणि ते उरकायचं कुणाच्या हातात आहे? आपल्याच घरातल्या बाईच्या. हे बघ, विचारतील तेवढंच सांग आज. तुला खोड आहे, कुणी विचारलं नसलं तरी सांगायची."

"आई, अहवाल छापून झालाय. आता सांगण्यासारखं काही उरलंच नाही."

"मग बरंय."

ताई जगातलं तेल मोजायची. म्हणजे एका सरकारी ऑफिसात बसून, कुठल्या देशातून किती निघतंय, पुढे किती निघेल याचा अंदाज बांधायची. आणि सगळ्यांची बेरीज कुठल्या साली सगळ्यात उंच जाऊन मग कायमची उतरायला लागेल, ते साल शोधायची. या सालाला ऑफिसात शिखर म्हणत. आज समिती बसणार होती ती जुन्या रिफायनरीच्या शेजारी नवं युनिट उभारायचं की नाही हे ठरवायला. ताईच्या अहवालात शिखर अठरा वर्षं लांब होतं. अठरा वर्षं तेल चढतंच राहणार असेल तर युनिट बांधायला कुणाची ना नव्हती. आणि युनिटला मंजुरी मिळाली की भाऊ त्यात बांधकामापासूनच फोरमन. कायमचा.

कायमचा हा शब्द भावाने अजून अंगावर घालून पाहिलेला नव्हता. सगळी उमर ठेक्यावर गेली. कुठे एखादा प्लांट साफसफाईला बंद पडला की याला बोलावणं. तो चालू झाला की याची पिशवी खांद्यावर. बायको-पोरं तिकडे सासऱ्याच्या घरी. मागच्या खेपेला गेला तर धाकटी पोरगी त्याला बघून आईच्या मागे लपली. हे तो हसत हसत सांगायचा, आणि सांगून झालं की उगाच उठून नळ घट्ट बंद करून यायचा.

"ताई," निघताना तो म्हणाला, "काळजी करू नकोस. आकडे तूच काढलेत ना?"

"मीच काढलेत म्हणून तर काळजी," ती म्हणाली. तिघंही हसले.

*

कोपऱ्यावरच्या पंपावर तिने गाडी लावली. पंपवाला धुक्यातून हात चोळत आला.

"या ताई. आज आहे बरं का तेल. उद्याचं तुम्हालाच माहीत."

बारा वर्षं हा एकच विनोद. दर वेळी नवा असल्यासारखा करायचा, आणि मनापासून हसायचा. ताईही हसायची, न हसून काय करते? बारा वर्षांपूर्वी ऑफिसच्या पायऱ्यांवर एका बातमीदाराने तिला गाठलं होतं. शिखर, उतार, अंदाज चुकण्याचा पट्टा असलं सगळं ती समजावून सांगत होती, आणि त्याची बस निघत होती. "बाई, एक साल सांगा. एकच." तिने सांगितलं. पाच वर्षांनंतरचं. दुसऱ्या दिवशी छापून आलं की पाच वर्षांनी तेल आटणार. आटणं वेगळं आणि उतरणं वेगळं, हे ती ज्याला त्याला सांगत फिरली. डोंगर उतरायला लागला म्हणजे माणूस पायथ्याशी पोचला असं नाही. पण ऐकतो कोण? आणि पाच वर्षांनी तेल ना आटलं, ना उतरलं. कुठे कुठे दगड फोडून त्यातून तेल पिळायला लागले लोक, आणि उत्पादनाची रेघ धडाधड वर गेली. तेव्हापासून ऑफिसात ती शिखरताई आणि गल्लीत "आटलं का हो?"

भावालाही त्याचे चटके बसले. रिफायनरीतल्या जेवणाच्या टेबलावर पोरं म्हणायची, याची बहीण आपली नोकरी खाणार. तो तेव्हा भांडला होता त्यांच्याशी. एकाचा डबा भिरकावलाही होता. घरी मात्र कधी बोलला नाही. हे ताईला फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

ऑफिसात तिची खुर्ची वाचली ती साहेबांमुळे. त्यांनी वरच्या लोकांना सांगितलं, अंदाज आहे, चुकतो. तिला मात्र दार लावून सुनावलं. चूक कुठे झाली ते दोघांनाही ठाऊक होतं. देशोदेशीच्या सरकारांनी दिलेले आकडे ताईला फुगवलेले वाटायचे, आणि ती ते मनाने खाली ओढायची. याचे इतके कमी कर, त्याचे तितके. तिच्या लेखी सगळेच थापाडे. "तू तेल मोजायला बसली आहेस, माणसं ओळखायला नाही," साहेब म्हणाले होते. तिने मनाशी गाठ मारली. यापुढे दिलेल्या आकड्याला हात लावायचा नाही. देशाने जे म्हटलं ते म्हटलं. आपण फक्त बेरीज करायची.

आणि या खेपेचा अहवाल तिने तसाच केला. हजारो तेलक्षेत्रं, प्रत्येक आधी चढतं, मग काही वर्षं सपाट चालतं, मग थकतं. देशामागून देश घेतला, सगळ्यांचे आकडे एकावर एक रचले. शिखर निघालं अठरा वर्षं लांब. कुणीही नाक मुरडलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या आकड्यावर कुणी विनोद केला नव्हता, आणि त्याचं तिला जरा सुखच झालं होतं.

*

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नकाशेवाले काका मोठ्या प्रिंटरपुढे उकिडवे बसून त्याला शिव्या देत होते. रिटायर व्हायला टेकलेले गृहस्थ. माणसांशी गोड आणि यंत्रांशी वाकडे. समितीच्या भिंतीवर लावायला जगाचा नकाशा छापायचा होता. पुढच्या दहा वर्षांत सुरू होणारं प्रत्येक मोठं क्षेत्र म्हणजे त्यावर एक लाल ठिपका.

"मेल्याने एक खाल्लाय," काका म्हणाले.

"काय खाल्लंय?"

"ठिपका. तुमच्या यादीत छत्तीस, कागदावर पस्तीस. तीनदा छापला. तीनदा पस्तीस. शाई संपली म्हणावं तर बाकीचे कसे येतात?"

"कुठला नाही आला?"

"तेच शोधतोय. चष्मा बदलायला झालाय माझा."

ताई पर्स खांद्यावर तशीच ठेवून नकाशावर वाकली. एका हाताने यादी, एका हाताने कागद. बोट सरकत सरकत एका चिंचोळ्या समुद्रावर आलं, दोन देशांच्या मधे सापडलेल्या. तिथे एक ठिपका होता. यादीत त्या समुद्रात दोन होते. एक अलीकडच्या देशाचा, एक पलीकडच्या. नावं वेगळी. एक सहा वर्षांनी सुरू होणार, दुसरा आठ.

"काका, या दोघांचे अक्षांश-रेखांश वाचा बरं."

काकांनी वाचले. मग पुन्हा वाचले, आपलंच वाचायला चुकलं असेल अशा आवाजात.

"एकच आहेत हो."

प्रिंटरने काही खाल्लं नव्हतं. दोन ठिपके नेमके एकमेकांच्या डोक्यावर बसले होते.

ताईला एका झटक्यात कळलं, आणि तरीही ती कळलं नसल्यासारखी खुर्चीवर बसली, कॉम्प्युटर चालू केला, दोन्ही देशांची मूळ कागदपत्रं उघडली. खोली तीच. खडक तोच. लांबी-रुंदी जवळजवळ तीच. समुद्र कुणाचा यावरून त्या दोन देशांचं भांडण होतं, आणि अर्धा भाग दुसऱ्याचा असं लिहायला दोघंही तयार नव्हते. म्हणून दोघांनीही अख्खं क्षेत्र आपलं म्हणून लिहिलं होतं. आपापलं नाव देऊन. आणि ताईने, आकड्याला हात लावायचा नाही म्हणून, दोन्ही मुकाट्याने बेरजेत घेतली होती.

आधीची ताई असती तर हे पहिल्याच दिवशी हुंगलं असतं तिने. संशय हाच तिचा धंदा होता. तो तिने स्वतःच्या हाताने बंद केला होता.

तिने एक नाव खोडलं आणि गणित पुन्हा चालवलं. मशीन विचार करायला लागलं. काका मागे येऊन उभे राहिले.

"एवढ्या हजारांतलं एक गेलं तर काय फरक पडणार, ताई?"

"डोंगर टोकदार असता ना काका, तर काहीच नाही. पण हा टोकदार नाही. वर सपाट आहे, लांबच लांब. सपाटीवर सगळ्यात उंच जागा कुठली? एक ढेकूळ इकडचं तिकडे झालं की ती जागा मैलभर सरकते."

पडद्यावर रेघ आली. सपाट, थकलेली. सगळ्यात उंच जागा आता अठरा वर्षांवर नव्हती. सात वर्षांवर होती.

काकांनी हळूच प्रिंटर बंद केला.

*

साहेब पॅसेजच्या टोकाला बेसिनपाशी सापडले. समितीपुढे जाण्याआधी ते चेहरा धुवायचे, सवय होती. ताई बोलत असताना त्यांनी नळ बंद केला नाही. कुणी ऐकू नये म्हणून असेल.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"काकांना. मला. आता तुम्हाला."

"खात्री?"

"दोन्ही देशांच्या कागदांत खोली मीटरच्या हिशेबात जुळते साहेब. एका जागी दोन क्षेत्रं नसतात."

त्यांनी रुमालाने एकेक बोट पुसलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ताईला सोपं गेलं असतं.

"हे बघ. तुझ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना अंदाज चुकण्याचा पट्टा केवढा आहे? हत्ती झोपेल त्यात. कुणाचं क्षेत्र उशिरा सुरू होतं, कुणाकडे युद्ध होतं, कुणी नवीन दगड फोडतं. त्यात हे एक. पुढच्या वर्षीच्या अहवालात दुरुस्ती टाकू. गुपचूप नाही, रीतसर टाकू."

"पुढच्या वर्षी युनिटचा पाया पडलेला असेल."

"असू दे की. तू काय खोटं बोलते आहेस? छापलेला अहवाल वाचायचा आहे फक्त."

"छापलेला चुकीचा आहे हे मला माहीत असताना?"

साहेबांनी आता नळ बंद केला. पॅसेज एकदम शांत झाला.

"एक सांगू? रागावू नकोस. आज तू तिथे उभी राहून लवकरचं साल सांगितलंस ना, तर त्यांना आकडा ऐकू येणार नाही. त्यांना तू ऐकू येशील. शिखरताई पुन्हा सुरू झाली म्हणतील. खरं सांगूनही तुझं कुणी ऐकणार नाही, आणि घरचं नुकसान होईल ते वेगळंच. तुझा भाऊ आहे ना त्या युनिटच्या यादीत?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, गाव आहे हे. सगळ्यांना सगळं माहीत असतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी तुला अडवत नाही. आतमध्ये तूच बोलणार आहेस. विचार कर एवढंच."

ते गेले. ताई बेसिनच्या कडेला धरून उभी राहिली. तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला.

"ताई, मी गेटवर आलो सुद्धा. घरी करमेना." भावाच्या मागे कुठेतरी ट्रक हॉर्न देत होता. "सिक्युरिटीवाले बसायला खुर्ची देतायत गं मला. चहा पाजला. एक जण तर साहेब म्हणाला. म्हटलं अजून कागद यायचाय बाबा, तर म्हणतो, तुमच्या घरातूनच तर यायचाय."

ताईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"ऐकते आहेस ना?"

"ऐकतेय."

"आवाज का असा?"

"पॅसेजमधे आहे. तू... जास्त चहा पिऊ नकोस. पित्त होतं तुला."

"बरं बाई. जा, झेंडा लाव."

तिने फोन ठेवला. तेव्हा, त्या क्षणी, तिने न सांगायचं ठरवलं होतं. हे तिने नंतर कुणापासून लपवलं नाही. आपण काही नवीन बोलणार नाही, छापलंय ते वाचू, आणि पुढच्या वर्षी रीतसर दुरुस्ती टाकू. साहेबांसारख्या माणसाला जे चालतं ते आपल्याला का चालू नये? असं म्हणत ती जिना चढली आणि समितीच्या खोलीत शिरली.

*

लांबलचक टेबल. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि तिचा अहवाल, नवा कोरा, कडा धारदार. मधोमध अध्यक्षबाई, कमी बोलणाऱ्या, पेन्सिल कानावर खोचायची सवय असलेल्या. त्यांच्या उजव्या हाताला रिफायनरीचे मोठे अधिकारी. चष्मा डोक्यावर चढवलेला आणि तोंडावर आधीच आनंद. साहेब भिंतीकडेला. काकांनी नकाशा लावला होता. पस्तीस ठिपक्यांचा. ते दाराशी उभे होते आणि ताईकडे बघत नव्हते.

ताईने वाचायला सुरुवात केली. चढणारी क्षेत्रं, थकणारी क्षेत्रं, नवीन येणारी. आवाज ठीक होता. पानं उलटत होती. कुणी बाटली उघडत होतं, कुणी जांभई गिळत होतं. पडद्यावर जुनी रेघ आली, अठरा वर्षं चढत जाणारी, बघायला मोठी देखणी.

अध्यक्षबाईंनी पेन्सिल कानावरून काढली.

"म्हणजे अठरा वर्षं निर्धास्त. असंच ना?"

साधा प्रश्न होता. त्याला हो एवढं एकच अक्षर पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर होतंही. पण हो म्हणायला तिने बाईंकडे बघितलं, आणि बाईंनी पेन्सिल कागदावर टेकवली होती, ती म्हणेल ते लिहून घ्यायला.

"नाही," ताई म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटले.

"अहवालात तसं आहे, पण अहवाल चुकलाय. माझ्याकडून. आज सकाळी कळलं." मग ती नकाशापाशी गेली, त्या चिंचोळ्या समुद्रावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. दोन देश, एक क्षेत्र, दोन नावं. एक काढलं की रेघ कुठे जाते. सात वर्षं.

खोलीत कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही, नाकातून. मग दुसरं कुणीतरी.

"बाई," रिफायनरीचे अधिकारी डोक्यावरचा चष्मा खाली ओढत म्हणाले, "मागे तुम्ही पाच म्हणाला होतात."

"हो."

"काय झालं त्याचं?"

"चुकलं. तेल चढलं."

"मग मागच्या महिन्यात अठरा, आज सात. उद्या सकाळी उठून किती?"

आता सगळेच हसले. काकाही, घाबरून. ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मागे मी लोकांचे आकडे मनाने कमी केले," ती म्हणाली. "म्हणून या खेपेला ठरवलं, मनाने काहीच करायचं नाही. देतील ते घ्यायचं. त्यात हे एक दोनदा मोजलं गेलं. दोन्ही वेळा चूक माझीच, आणि तुम्ही हसलात ते बरोबर आहे. पण या वेळी माझं मत मी सांगत नाहीये. क्षेत्र एकच आहे. तुमच्या माणसाला सांगा, तो मोजून येईल. माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही."

हसणं थांबलं. ते पटल्यामुळे नसावं. ती रडत नाही आणि बसतही नाही, एवढ्यामुळे असावं.

"एक साल सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सातच?"

"एक साल सांगणार नाही. एकदा सांगितलंय. सातपासून अकरापर्यंत कधीही. आणि युनिट बांधायलाच पाच लागतात."

बाईंनी पेन्सिल फिरवत साहेबांकडे मान वळवली. "तुम्हाला माहीत होतं?"

साहेबांना तिथे सुटायला जागा होती. त्यांनी टायची गाठ सैल केली.

"सकाळपासून," ते म्हणाले.

बाईंनी अहवाल मिटला. "या कागदावर आज काही ठरवता येत नाही. दुसऱ्या संस्थेकडून तपासून घ्या. तोवर युनिट थांबवा. आणि तपासणीत या बाई नकोत."

रिफायनरीच्या अधिकाऱ्यांनी खुर्ची इतक्या जोराने मागे सारली की बाटली आडवी झाली आणि पाणी त्या कोऱ्या कडांच्या अहवालांखालून सरकत गेलं. कुणी उचललं नाही. लिफ्टमधे साहेब आणि ताई शेजारी शेजारी उभे होते. साहेब आकड्यांकडे बघत राहिले. तीन, दोन, एक. बाहेर पडताना फक्त म्हणाले, "उद्यापासून तुला महिन्याचे आकडे भरायला घालतील. वाईट वाटून घेऊ नकोस."

*

घरी पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. आईने दार उघडलं, तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि काही न विचारता बाजूला झाली.

भाऊ स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. पुढे काही नव्हतं. नुसतेच दोन हात.

"खुर्ची काढून नेली त्यांनी," तो म्हणाला. "बसलो होतो, तर एक जण आला. म्हणे उठता का जरा, खुर्ची आत लागते. तेव्हाच कळलं मला. मग आतून बातमी आली."

"मी सांगणार होते तुला. फोन करायला हातच..."

"सकाळी माहीत होतं? मी फोन केला तेव्हा?"

"हो."

"आणि पित्त होईल म्हणालीस."

ताईने पर्स खुर्चीवर ठेवली.

"किती होतं गं ते? जगाच्या नकाशावर एक ठिपका. एक. तो कुणी बघितला असता? तू नसतीस बोललीस तर कुठल्या बापाला कळलं असतं?"

"पुढेमागे कळलंच असतं."

"पुढेमागे! पुढेमागे मी फोरमन होऊन रिटायर झालो असतो. पोरं इथे असती." त्याचा आवाज चढला आणि तसाच फाटला. "सगळे हसले ना तुला? हसले ना? मग मिळवलंस काय? त्यांनी ऐकलं नाही, आणि माझं मात्र गेलं."

"अरे, हळू," आई दारातून म्हणाली.

"कशाला हळू? बारा वर्षं हळूच बोलतोय मी. हिच्यामुळे डबे फेकलेत मी लोकांचे!"

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.

तो थबकला. "कुणी सांगितलं?"

"कुणीतरी."

फ्रिज घुरघुरून थांबला. भावाने उठून नळ तपासला. तो बंदच होता. परत बसला.

"परवा निघतो," तो म्हणाला. "किनाऱ्याकडे एक प्लांट बंद पडलाय. तीन महिन्यांचं काम आहे."

"बरं."

"बरं काय, बरं!" आणि मग, तिच्याकडे न बघता, नखाने टेबलावरचा डाग खरवडत, "मोठ्याला पुढच्या वर्षी माझ्याच लायनीत घालणार होतो. रिफायनरीच्या ट्रेनिंगला. त्याला आवड आहे. घालू का?"

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दिवसभरात पहिल्यांदाच तिला कुणीतरी खरोखरचा प्रश्न विचारला होता, आणि तो विचारणारा हा होता.

"त्याची उमेदीची वर्षं नेमकी उतारावर येतील," ती म्हणाली. "माझं मत आहे, घालू नये. वायरिंगचं, पंपांचं, कुठेही चालेल असं काही शिकू दे."

"बारा वर्षांपूर्वी मलाही हेच म्हणाली होतीस. सोड ही लाइन म्हणून. ऐकलं असतं तर उपाशी मेलो असतो."

"हो."

"मग आता का ऐकू?"

"नको ऐकूस. विचारलंस म्हणून सांगितलं."

त्याने नाकातून एक आवाज काढला, समितीतल्यासारखाच, पण हसण्याचा नव्हे. फोन उचलला आणि बाल्कनीत गेला. दार अर्धवट राहिलं होतं. बायकोशी बोलत होता. युनिटचं त्याने दोन वाक्यांत सांगितलं. मग काही वेळ नुसतं हं, हं. मग म्हणाला, "आणि मोठ्याच्या ट्रेनिंगचं जरा थांबव. नाही, ती म्हणतेय म्हणून नाही. मलाच वाटतंय. अगं, नाही म्हटलं ना, तिचा काय संबंध!"

आईने वाटाण्यांची पिशवी टेबलावर आणून टाकली. ओल्या शेंगा, देठाला माती. "रात्रीचं काही करायचंय का कुणी, का सगळे वाऱ्यावर जगणार आहात?"

ताईने ताट पुढे ओढलं, पहिली शेंग अंगठ्याने दाबून फोडली, आणि दाणे ताटात टपटपू लागले.